पतसंस्थेत लेखा विभागात काम करणाऱ्या व्यक्तीने पहिली प्रोग्रॅमिंग भाषा कोणती निवडावी?

खतावणी
नमस्कार. मी वाणिज्य शाखेची पदवीधर असून गेली ११ वर्षे एका पतसंस्थेत लेखा विभागात आहे. दर महिनाअखेरीस ९ शाखांकडून एक्सेलच्या ९ फाइली येतात. त्या एकत्र करणे, एकाच सभासदाचे नाव दोन शाखांत वेगवेगळ्या तऱ्हेने लिहिले गेले असेल तर ते हुडकणे आणि थकबाकीची यादी तयार करणे यात माझे दोन-अडीच दिवस जातात. हे काम संगणकाकडून करून घेता येईल या आशेने मी गेल्या वर्षी एका खासगी क्लासमध्ये जाऊ लागले. तेथे सी भाषेपासून सुरुवात झाली. ताऱ्यांचे त्रिकोण छापून झाले, तीन महिन्यांनी पॉइंटर (मेमरीतल्या जागेचा पत्ता साठवण्याची सोय) आले, परंतु एक्सेलची एक फाइल उघडण्यापर्यंत काही आम्ही पोहोचलो नाही आणि मी क्लास सोडला. आता कोणी पायथन सुचवतो, कोणी जावा, तर माझा बारावीतला भाचा जावास्क्रिप्टचा आग्रह धरतो. रोज रात्री एक तास काढता येईल. लॅपटॉप जुना, ४ जीबी रॅमचा आहे. पहिली भाषा चुकली तर पुढचे सगळेच चुकते का?

जुना कंपायलर
ताई, मी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना बरीच वर्षे सी शिकवली आहे, त्यामुळे माझ्याकडून सीची बाजू घेतली जाणे स्वाभाविक आहे; तरीही आपल्याला मी ती सुचवणार नाही. १९७० च्या दशकाच्या आरंभी डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये ही भाषा घडवली आणि युनिक्स ही कार्यप्रणाली पुढे तिच्यातच नव्याने लिहिली गेली. यंत्राच्या पोटात काय चालते हे ज्याला जाणून घ्यायचे आहे, त्याला मेमरी स्वतः सांभाळायला लावणारी ही भाषा फार काही शिकवते. आपल्याला मात्र खतावण्या जुळवायच्या आहेत. एकच उदाहरण देतो. सीमधील नेहमीच्या ३२ बिटांच्या पूर्णांकात २१४ कोटी ७४ लाखांच्या थोडी पुढची संख्या मावते, त्यापलीकडची नाही. रक्कम पैशांत साठवली, तर २ कोटी १५ लाख रुपयांच्या आतच ही मर्यादा संपते, आणि बेरीज चुकली तरी प्रोग्रॅम बहुधा तक्रार न करता पुढे चालत राहतो. पायथनमध्ये पूर्णांकाला अशी मर्यादा नाही. जावा उत्तम भाषा आहे, पण दोन फाइली जोडण्यासाठी तिचा एवढा जामानिमा कशाला?

अर्धविराम
माझे पोट जावास्क्रिप्टवर चालते. आपल्या भाच्याला संकेतस्थळे बनवायची असतील, तर त्याची निवड योग्य आहे, कारण ब्राउझर उघडला की ती भाषा हाताशी असते. हिशेबासाठी मात्र नवख्याने तिच्यापासून दूर राहावे. मजकूर म्हणून आलेल्या ५ मध्ये आपण ३ मिळवले, तर ती विनातक्रार ५३ हे उत्तर देते, तर पायथन तेथेच थांबून चूक दाखवतो. आणखी एक शंका: आपल्याला भाषा शिकायचीच आहे, की केवळ काम उरकायचे आहे? केवळ फाइली एकत्र करायच्या असतील, तर एक्सेलमधल्या पॉवर क्वेरी या तयार सोयीनेही ते होते आणि त्यासाठी एक ओळही लिहावी लागत नाही.

काना-मात्रा
फाइली पॉवर क्वेरीने जोडल्या जातील हे मान्य, पण खतावणीताईंची खरी अडचण नावांची आहे, आणि मराठी नावांच्या बाबतीत ती दिसते त्याहून खोल आहे. ‘कुऱ्हाडे’ या आडनावातला अर्धा ऱ संगणकात एकाहून अधिक प्रकारे टंकता येतो. पडद्यावर सगळे प्रकार सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ती वेगवेगळी आडनावे वाटतात. शेवटी राहिलेली मोकळी जागा आणि नावामधला दुहेरी स्पेस यांचीही भर पडते. पायथनमध्ये असे प्रकार हुडकून एकसारखे करणे हे चार-सहा ओळींचे काम आहे, आणि त्या ओळी आपल्याला स्वतःला वाचता येतात. मजकुरातले देवनागरी अंकही पायथन संख्या म्हणून स्वीकारतो. जावास्क्रिप्टमध्ये मजकुराचे संख्येत नेहमीच्या पद्धतीने रूपांतर करताना ते स्वीकारले जात नाहीत. ‘मराठी’ या शब्दाची लांबी विचारली, तर पायथन ५ सांगतो, कारण तो काना आणि वेलांटी स्वतंत्र मोजतो. हे पाहून गोंधळू नका.

दोन सावधगिरीच्या सूचना देतो. पायथन २ या जुन्या आवृत्तीचा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला असला तरी त्याचे जुने धडे अजून सापडतात. ज्या धड्यात प्रिंटपुढे कंस नसेल तो सोडून द्यावा. दुसरे म्हणजे, रुपये-पैशांसाठी साधी दशांश संख्या न वापरता पायथनमधले डेसिमल हे मोड्यूल (तयार कोडचा संच) वापरावे, अन्यथा ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही आणि ताळेबंद पैशापैशाने हटतो. ४ जीबी रॅम या कामाला पुरते. एक्सेलच्या फाइली पायथनमधून वाचण्यासाठी ओपनपायएक्सएल हा तयार कोडचा संच घ्या, पण ते जुन्या एक्सएलएस फाइली वाचत नाही. त्या आधी नव्या स्वरूपात जतन कराव्या लागतील. शाखांच्या फाइली युनिकोडमध्येच, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या सर्वमान्य पद्धतीतच, आहेत ना, हेही पाहून घ्या.

खतावणी
सर्वांचे आभार. पायथनच घेते. काना-मात्रा यांच्या शेवटच्या वाक्यामुळे आज सगळ्या फाइली उघडून पाहिल्या: ६ शाखांच्या युनिकोडमध्ये आहेत, ३ शाखा अजून जुन्या फाँटात टंकतात आणि फाँट बदलला की तेथे नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. त्या तिघींचे रूपांतरही पायथनने करता येईल का, की आधी त्या शाखांनाच युनिकोडवर आणावे?

काना-मात्रा
दोन्ही करावे लागेल. जुन्या नोंदींसाठी त्या फाँटातले कोणते चिन्ह कोणत्या अक्षरासाठी आहे याचा तक्ता बनवावा लागतो आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी असते ती उचलून अक्षरानंतर न्यावी लागते. या महिन्यात ६ शाखांचेच काम करा. वेलांटीची भानगड पुढच्या महिन्यात पाहू.