अनुभव धागा : शाळा-महाविद्यालयांतील डिजिटल साधने आणि आपली जबाबदारी

बालभारतीच्या पुस्तकांवरील क्यूआर कोड आणि २०१७ मध्ये सुरू झालेले दीक्षा हे डिजिटल शिक्षणसाहित्याचे सरकारी व्यासपीठ आता शिक्षकांच्या सवयीचे झाले आहे. ही साधने वापरताना विद्यार्थ्यांचा मान, त्यांची खासगी माहिती आणि अभ्यासातील सचोटी कशी जपली जाते, किंवा जपली जात नाही, याचे अनुभव शाळेचे वा मुलांचे नाव न घेता लिहावेत.

प्राथमिक शिक्षिका, सातारा जिल्हा
पोषण आहारापासून वृक्षारोपणापर्यंत प्रत्येक उपक्रमाचा फोटो आमच्या केंद्राच्या, म्हणजे परिसरातील शाळांच्या समूहाच्या, व्हॉट्सॲप गटावर टाकावा लागतो, आणि गणवेश किंवा दप्तरांचे वाटप असले की घेणाऱ्या मुलाचा चेहरा दिसलाच पाहिजे, असा देणगीदारांचाही आग्रह असतो. अशाच एका वाटपाच्या वेळी पाचवीतील मुलीने, ‘बाई, मी मागे उभी राहू का?’ असे विचारले. तेव्हापासून आम्ही साहित्याचे आणि पाठमोऱ्या मुलांचेच फोटो पाठवतो. केंद्रप्रमुखांनी एकदा कारण विचारले. अहवाल मात्र त्यामुळे कधी परत आला नाही. पुरावा वाटपाचा हवा असतो, गरिबीचा नव्हे.

पालक, ठाणे
‘नावे तपासून घ्या’ अशा सूचनेसह मुलाच्या वर्गाची यादी पालकांच्या गटावर आली आणि तीत सर्वांच्या जन्मतारखा व आधार क्रमांक होते. वर्गशिक्षिकांना फोन केल्यावर त्यांनी ती तत्काळ काढली, परंतु तोवर ती अनेकांच्या मोबाइलमध्ये उतरली होती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले असून, त्यांची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक ठरवली आहे. शाळांना नियमांत काही सवलती आहेत खऱ्या, पण त्या शैक्षणिक कामासाठी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी लक्ष ठेवण्यापुरत्या आहेत.

प्राध्यापक, नागपूर
विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधातील मजकुराचे इतर लेखनाशी साधर्म्य १० टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही, तर ६० टक्क्यांपुढे नोंदणी रद्द होते. या आकड्यालाच विद्यार्थी प्रामाणिकपणा समजू लागले आहेत. चॅटजीपीटीकडून लिहून घेतलेला मजकूर शब्दशः कुठून उतरवलेला नसल्याने तो या तपासणीत बहुधा सुटतो. एका निबंधाच्या संदर्भसूचीतील पुस्तक ना ग्रंथालयात सापडले ना प्रकाशकाकडे. ते यंत्राने रचलेले होते. म्हणून मी आता कच्ची टिपणे मागतो आणि निबंधावर समोरासमोर प्रश्न विचारतो. वेळ फार जातो, याला इलाज नाही.

ग्रामस्थ, सांगली जिल्हा
कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि मुलांच्या अभ्यासासाठी दीड तास टीव्ही-मोबाइल बंद राहतात, हे अनेकांना ठाऊक असेल. आमच्या गावाने अनुकरण केले, पण गृहपाठच मोबाइलवर येत असल्याने मुले अडली. शिक्षकांनी तो शाळा सुटण्यापूर्वी फळ्यावर लिहून देण्यास सुरुवात केल्यावरच उपक्रम रुळला.

दृष्टिहीन विद्यार्थिनी, पुणे
हस्तलिखित टिपणांचे फोटो माझ्या मोबाइलमधील टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी सोय, वाचू शकत नाही. युनिकोड ही सर्व संगणकांना समजणारी अक्षरपद्धत येण्यापूर्वीच्या फाँटमध्ये टंकलेली मराठी फाइल तर संगणकावर एनव्हीडीए हा तसाच वाचक-प्रोग्राम निरर्थक अक्षरांसारखी वाचतो. तोच मजकूर युनिकोडमध्ये मिळाला की मला कोणाच्याही मदतीविना वाचता येतो. आमच्या विभागातील दोन प्राध्यापक आता सर्वांनाच तशी फाइल देतात. इतरांकडे प्रत्येक सत्रात नव्याने अर्ज करावा लागतो.