सुगंधी चहा आणि साधी पत्ती शेजारी ठेवून चव कशी घ्यायची?

सकाळचा_कप

नमस्कार. सहा सुट्या चहांचे 50-50 ग्रॅमचे नमुने हाताशी आहेत: दार्जिलिंग फर्स्ट फ्लश (वसंतातली पहिली तोड), दार्जिलिंग सेकंड फ्लश (मे-जूनची दुसरी तोड), आसाम ऑर्थोडॉक्स (दाणे न करता वळलेली पत्ती), अर्ल ग्रे (बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या वासाचा काळा चहा), चिनी जॅस्मिन ग्रीन, आणि आंब्याचे व जास्वंदीचे सुके तुकडे घातलेला एक काळा चहा. सगळे कोरे, बिनसाखरेचे करून तुलना करायची आहे. सध्या प्रत्येकी एक चमचा पत्ती, उकळतं पाणी, पाच मिनिटं झाकण, असं करतोय.

अडचणी अशा. फर्स्ट फ्लश आणि जॅस्मिन कडू होतात. आंब्याचा चहा पाणचट आणि आंबट लागतो. अर्ल ग्रे प्यायल्यावर पुढच्या प्रत्येक कपाला त्याचाच वास येतो. आसामच्या कपावर गार होताना पातळ साय धरल्यासारखं दिसतं. आणि सेकंड फ्लशच्या पाकिटावर ‘मस्कटेल’ लिहिलंय, म्हणजे त्यात द्राक्षाचा अर्क घातलाय का? मूळ प्रश्न हा की सुगंध घातलेल्या चहात पत्ती चांगली आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

निलगिरी_कडा

चमचा बाजूला ठेवा आणि 0.1 ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा घ्या. निम्म्या अडचणी तिथेच सुटतील. लांब, वळलेल्या दार्जिलिंगच्या पत्तीचा एक चमचा जेमतेम दीड-दोन ग्रॅम भरतो, तुटक पत्तीचा अडीच ग्रॅम आणि सीटीसी दाण्यांचा (यंत्रात चिरडून गोळी केलेल्या चहाचा) तीनच्या आसपास. म्हणजे चमच्याने मोजून तुम्ही चहांची नाही, तर पत्तीच्या आकारांची तुलना करताय.

चहा चाखण्यासाठी आयएसओ 3103 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. ते पहिल्यांदा 1980 मध्ये आलं आणि 2019 मध्ये सुधारलं गेलं. त्याचं प्रमाण सोपं आहे: 100 मिली पाण्याला 2 ग्रॅम पत्ती, ताजं उकळलेलं पाणी, 6 मिनिटं. घरी 150 मिलीला 3 ग्रॅम घ्या. सहा सारखे कप हवेत, आतून पांढरे, म्हणजे रंग कळेल. झाकायला बशा चालतात. सहाही कपांत एकदम पाणी ओतायला गेलात तर पहिल्या आणि शेवटच्या कपाच्या वेळेत फरक पडतो. म्हणून 30-30 सेकंदांच्या अंतराने ओता आणि त्याच क्रमाने, तेवढ्याच अंतराने गाळा. गाळणं स्टीलचं असू द्या आणि प्रत्येक कपानंतर गरम पाण्यातून काढा. शेवटचे थेंबही निथळू द्या, कारण सगळ्यात दाट अर्क त्यातच असतो.

गाळल्यावर चोथा फेकू नका. बशीत काढून ठेवा, त्याचा वास घ्यायचाय. मग कप कोमट होऊ द्या. वाफाळत्या चहात जिभेला तुरटपणा नीट कळत नाही, 50-55 अंशांवर कळतो. घोट चमच्यातून जोरात, आवाज करून ओढा. हवेबरोबर चहा तोंडभर फवारला जातो आणि वास घशामागून नाकात चढतो. चार लोकांत असं पिणं बरं दिसत नाही, पण चव घेताना हेच करायचं असतं.

तुरट_गोड

मूळ प्रश्नाचं उत्तर नाकात आहे. प्रत्येक कपाचा पहिला घोट नाक चिमटीत धरून घ्या. नाक बंद असताना फक्त कडू, आंबट, गोड, तुरट आणि घोटाचा दाटपणा एवढंच कळतं, आणि ते जवळपास सगळं पत्तीतून येतं. बर्गमॉट, मोगरा, आंबा, गुलाब, व्हॅनिला यातलं काहीही त्या वेळी जाणवत नाही. मग घोट तोंडात असतानाच नाक सोडा. तेव्हा जे अचानक उमलतं तो सुगंध. नाक बंद असताना चहा पाण्यासारखा पातळ किंवा नुसताच कडू लागला आणि नाक सोडल्यावर एकदम ‘छान’ झाला, तर पत्ती हलकी आहे आणि सुगंध तिला झाकतोय, असं समजा. चांगल्या पत्तीचा अर्ल ग्रे नाक बंद ठेवूनही काळा चहा म्हणून उभा राहतो: तुरटपणा हिरड्यांवर जाणवतो, पण खरखर नसते आणि मागे किंचित गोडवा उरतो.

दुसरी खूण म्हणजे गार कप. वरून फवारलेल्या सुगंधाचा पहिला भपकारा जोरदार असतो आणि कप निवेपर्यंत तो बराच ओसरतो. मागे उरते ती पत्ती. म्हणून प्रत्येक कपातले दोन घोट 20 मिनिटं राखून ठेवा. गार झाल्यावर करपट, ओल्या पुठ्ठ्यासारखा किंवा कुबट वास आला तर पत्ती जुनी आहे.

तिसरी खूण चोथ्यात. जॅस्मिनच्या चोथ्यात पानं उलगडून बघा. कोवळे शेंडे आणि अखंड पानं दिसतात, की देठ आणि चुरा? भरपूर देठ आणि डोकं धरेल इतका वास, असं असेल तर पैसे वासाचेच लावलेत.

‘सुगंधी’ या एका शब्दात तीन वेगवेगळी कामं येतात, हेही लक्षात ठेवा. अर्ल ग्रेच्या पत्तीवर बर्गमॉट नावाच्या लिंबूवर्गीय फळाच्या सालीचं तेल असतं (हे फळ मुख्यतः इटलीतल्या कॅलाब्रियात पिकतं), किंवा तसाच वास देणारा तयार फ्लेवर. आंब्याच्या चहात तुकडे दिसायला असतात, वास बहुतेक वेळा फवारलेला असतो. सुका आंबा तीन-चार मिनिटांत पाण्याला फारसं काही देत नाही. जॅस्मिनची गोष्टच निराळी. चीनच्या फूजिआन प्रांतातल्या फूचौ भागात वसंतात केलेला हिरवा चहा उन्हाळ्यातल्या फुलांसाठी राखून ठेवतात. दुपारी तोडलेल्या कळ्या रात्री उमलताना पत्तीत मिसळतात. सकाळी फुलं काढून पत्ती पुन्हा सुकवतात आणि ताज्या फुलांनी हे परत परत करतात. म्हणूनच चांगल्या जॅस्मिन चहात पाकळ्या नसतात किंवा अगदी तुरळक असतात. पाकळ्यांचा ढीग हे दर्जाचं लक्षण नाही.

निलगिरी_कडा

मस्कटेलचं राहिलं. द्राक्षाचा अर्क नाही, काहीच घातलेलं नाही. मे-जूनच्या सुमाराला दार्जिलिंगच्या मळ्यांत तुडतुडे आणि फुलकिडे कोवळ्या पानांचा रस शोषतात. त्या इजेला उत्तर म्हणून झाड काही सुवासिक द्रव्यं तयार करतं आणि पुढे पत्ती वळताना, आंबवताना त्यांतून तो पिकलेल्या द्राक्षासारखा वास येतो. पाकिटावरच्या घटकांत फक्त ‘चहा’ असेल तर तो पत्तीचाच वास. फ्लेवर घातला असेल तर आपल्याकडे पाकिटावर ‘फ्लेवर्ड टी’ असं छापून फ्लेवरचं नावही द्यावं लागतं. खरेदी करताना तेवढी ओळ आधी वाचा.

बशीभर_चहा

वरच्या 6 मिनिटांबद्दल मतभेद नोंदवतो. ते प्रमाण मळ्यातल्या आणि लिलावातल्या परीक्षकांसाठी ठीक आहे. त्यांना दोष शोधायचे असतात. घरी कुठला चहा परत घ्यायचा हे ठरवायचं असेल तर प्रत्येक चहा त्याला मानवेल तसा करून तुलना करा. फर्स्ट फ्लशची पत्ती आंबवण्याआधी खूप सुकवलेली असते, त्यामुळे ती पुरती आंबत नाही आणि ‘काळा चहा’ म्हणून विकली तरी हिरवट राहते. तिला उकळतं पाणी आणि पाच मिनिटं दिलीत तर कडू होणारच.

150 मिलीला 2 ते 2.5 ग्रॅम धरून माझे आकडे: फर्स्ट फ्लश 85-90 अंश, 3 मिनिटं. सेकंड फ्लश 90-95 अंश, साडेतीन मिनिटं. आसाम ऑर्थोडॉक्स उकळतं पाणी, 4 मिनिटं. अर्ल ग्रे 95 अंश, 3 मिनिटं. जास्त ठेवलात तर सालीचा कडवटपणा पुढे येतो. जॅस्मिन ग्रीन 75-80 अंश, 2 मिनिटं, आणि त्याच पत्तीवर दुसरं पाणीही घ्या, ते बऱ्याचदा पहिल्याहून चांगलं लागतं. थर्मामीटर नसेल तर उकळलेलं पाणी थंड स्टीलच्या भांड्यात एकदा ओतलं की साधारण 8-10 अंशांनी उतरतं. जॅस्मिनसाठी दोनदा ओता.

आंब्याचा चहा पाणचट का, तर वजनात तुकडे मोजले जातात म्हणून. 5 ग्रॅम मिश्रण ताटात पसरा, आंबा-जास्वंद वेचून बाजूला करा आणि उरलेली पत्ती मोजा. समजा 3.5 ग्रॅम भरली. तर 2.5 ग्रॅम पत्तीसाठी तुम्हाला सुमारे 3.6 ग्रॅम मिश्रण लागेल. आंबटपणा जास्वंदीचा. तिच्या आम्लाने अर्काचा तपकिरी रंगही फिका पडून लालसर होतो, त्यामुळे या कपाची रंगावरून तुलना करू नका. आणि त्यात दूध घालू नका, फाटेल.

निलगिरी_कडा

@बशीभर_चहा, आकडे पटले, पण सहा मिनिटांची कडक फेरी मी सोडणार नाही. 80 अंशांवर दोन मिनिटांत सुमार जॅस्मिनही गोड लागतो, कारण त्याचे दोष बाहेर यायला वेळच मिळत नाही. सहा मिनिटांच्या कपात कडवटपणा सगळ्यांनाच येईल. प्रश्न असा की तो घोट गिळल्यावर सरतो, की घशाला चिकटून राहतो? चांगल्या पत्तीचा सरतो. म्हणून दोन फेऱ्या, वेगवेगळ्या दिवशी: पहिली सगळ्यांना एकच माप, दुसरी तुमच्या आकड्यांनी. एका बैठकीत सहापेक्षा जास्त कप नकोत. तुरटपणा जिभेवर साठत जातो आणि पुढचं काही खरं कळत नाही.

सकाळचा_कप

खूप उपयोगी, धन्यवाद. वजनकाटा मागवतो. अर्ल ग्रेचा वास आणि आसामवरची साय, याबद्दल कुणी सांगेल का? पाणी बोअरचं आहे.

पाणी_परीक्षा

साय पाण्यामुळे. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट भरपूर असतात. चहातल्या द्रव्यांशी हवेच्या संपर्कात त्यांचा संयोग होऊन वर पापुद्रा धरतो. चमच्याने ढकललात तर तो बर्फाच्या पातळ थरासारखा तुकड्यातुकड्यांनी फुटतो. लिंबाचे दोन-तीन थेंब टाका, नाहीसा होईल. अर्ल ग्रेवर कधी कधी तेलाचे बारीक, गोल, चकाकणारे ठिपके दिसतात. ते वेगळे, ते फुटत नाहीत, एकमेकांत मिसळतात.

आसामचा कप पूर्ण गार झाल्यावर आतून गढूळ झाला तर घाबरू नका, तो दोष नाही. कॅफीन आणि चहातली तुरट द्रव्यं गारव्याने एकत्र येऊन तसं होतं, आणि ते कडक, भरदार पत्तीतच होतं. गरम केलं की परत स्वच्छ.

जड पाण्यात फर्स्ट फ्लश आणि बर्गमॉट दोन्ही मार खातात: वरचा नाजूक सुगंध दबतो, रंग मात्र उगाच काळा होतो. आरओचं पाणी अगदी कमी टीडीएसचं (टीडीएस म्हणजे लिटरभर पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे मिलिग्रॅम), 20-30 वर आणलेलं असेल तर उलटा दोष, चहा सपक लागतो. दोन्ही मिसळून 80 ते 120 टीडीएसच्या दरम्यान आणा आणि सगळ्या फेऱ्यांना तेच पाणी वापरा. तुलना महिनाभर चालणार असेल तर हे फार महत्त्वाचं आहे. उंचीचाही थोडा परिणाम होतो: दर 300 मीटरला उत्कलनबिंदू साधारण 1 अंशाने उतरतो, त्यामुळे महाबळेश्वरला ‘उकळतं’ पाणी 95-96 अंशच भरतं. तिथे आसामला एक मिनिट जास्त द्या.

तुरट_गोड

वासाचं: क्रम बदला. आधी साधे चहा, फिक्याकडून कडकाकडे. मग जॅस्मिन, मग आंबा, अर्ल ग्रे सगळ्यात शेवटी. धुरावलेला लाप्सांग सूचोंग किंवा मसाल्याचा चहा असेल तर तो अर्ल ग्रेच्याही नंतर. मधे कोमट पाण्याची चूळ आणि साध्या पावाचा तुकडा. बडीशेप, वेलची अजिबात नको.

क्रमाने भागलं नाही तर वास भांड्यात आहे. प्लॅस्टिकचं गाळणं, झाकणातलं रबर आणि बिनझिलईची मातीची किटली बर्गमॉटचं तेल धरून ठेवतात. स्टील आणि काच सोड्याच्या गरम पाण्यात अर्धा तास ठेवून धुवा. रबर बदला. सुगंधी चहा वेगळ्या कपाटात, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. एकाच फडताळात ठेवलात तर दोन आठवड्यांत दार्जिलिंगलाही अर्ल ग्रेचा वास लागतो, कारण सुकी पत्ती आजूबाजूचा वास ओढून घेते. जॅस्मिन चहा मुळात होतो तो पत्तीच्या याच गुणामुळे.

कुंडीतला_मोगरा

त्यावरून एक जोड. चिनी जॅस्मिन चहातलं फूल म्हणजे आपला मोगराच, जातही तीच. घरी करून बघितलात तर फवारलेला वास आणि फुलाचा वास यातला फरक नाकाला कायमचा कळेल. साधा हिरवा चहा 20 ग्रॅम. घरच्या कुंडीतल्या, औषध न मारलेल्या, संध्याकाळी उमलायच्या बेतात असलेल्या कळ्या 15-20 ग्रॅम. बाजारातला गजरा नको, त्यावर काय मारलंय ते कळत नाही आणि पाणीही शिंपडलेलं असतं. कळ्या देठाचा हिरवा भाग काढून घ्या. स्टीलच्या डब्यात पत्ती आणि कळ्यांचे थर द्या, वर सुती फडकं बांधा, झाकण लावू नका. चार तासांनी एकदा वरखाली करा. सकाळी सगळी फुलं वेचून काढा. एकही राहिलं तर ते सडून आंबूस वास येतो.

इथेच बहुतेकांचं बिघडतं: पत्तीने फुलांतला ओलावा ओढलेला असतो आणि ती तशीच भरून ठेवली की आठवड्यात बुरशी धरते. ओव्हनमध्ये 70 अंशांवर, दार किंचित उघडं ठेवून 20-25 मिनिटं सुकवा. पान बोटांत दाबल्यावर कट्कन मोडलं पाहिजे. उन्हात वाळवू नका, वास उडून जातो. एका फेरीत वास हलका येतो. नवीन कळ्या घेऊन तीन रात्री करा. थोडी मूळ पत्ती बिनफुलांची बाजूला ठेवा, म्हणजे शेजारी कोरी ठेवून चाखता येईल.

बशीभर_चहा

आणि चाखताना कपाखाली चिठ्ठ्या चिकटवून दुसऱ्या कुणाला तरी मांडायला सांगा. तीन कप: दोन सारखे, एक वेगळा, आणि वेगळा ओळखायचा. नुसत्या अंदाजाने तीनात एकदा बरोबर येतंच, म्हणून एका यशावर जाऊ नका. सहा वेळा करून पाच किंवा सहा वेळा बरोबर आलं तर फरक खरोखर कळतोय असं धरा. चार आले तर अजून नक्की नाही. घरचा मोगऱ्याचा आणि दुकानातला जॅस्मिन यांना मात्र ही परीक्षा लावू नका, दोघांची पत्तीच वेगळी असेल. घरच्या तीन रात्रींच्या चहासमोर त्याचीच राखून ठेवलेली कोरी पत्ती ठेवा, आणि पहिले तीन प्रयत्न नाक धरून करा.