केबिन क्रूचं वजन: बाईला २२, पुरुषाला २५ का?

रानजाई
डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, २०१४ साली केबिन क्रूच्या वैद्यकीय तपासणीचे नियम काढले. त्यात पुरुषाचा बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) १८ ते २५ सामान्य, ३० पासून स्थूल. बाईचा १८ ते २२ सामान्य, २७ पासून स्थूल. उंची १६५ सेंमी धरा. पुरुषाला ६८ किलोपर्यंत कुणी हटकत नाही, बाईने ६० किलोच्या आत राहायचं. त्याच उंचीचे, ६६ किलोचे दोघं एकाच विमानात तेच काम करतात. तो सामान्य, ती जादा वजनाची. शेवटी वजनावरून ग्राउंड केलं, म्हणजे उड्डाणावरून उतरवून जमिनीवर बसवलं, की उड्डाण भत्ता बंद, आणि क्रूच्या कमाईत त्याचा वाटा मोठा. २०१५ मध्ये एअर इंडियाने सुमारे सव्वाशे जणांना उड्डाणावरून उतरवायची तयारी केली, ती याच नियमांवर. हा सरळ भेदभाव आहे.

मेघदूत
घाई होतेय. तेवढ्याच बीएमआयला बाईच्या शरीरात चरबीचं प्रमाण जास्त असतं, मग मर्यादा वेगळी असणारच. अरुंद मार्गिका, जड दरवाजे, आणीबाणीत प्रवासी बाहेर काढणं, हे काम तंदुरुस्तीचं आहे. १९८१ च्या एअर इंडिया विरुद्ध नर्गेश मिर्झा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही हवाई सुंदरी आणि फ्लाइट पर्सर (केबिनमधले पुरुष कर्मचारी) हे वेगळे वर्ग मानले होते.

पारिजातक
चरबी जास्त असते, मान्य. पण भारतीयांसाठी डॉक्टर वापरतात त्या मर्यादा दोघांना एकच आहेत: २३ ला जादा वजन, २५ ला स्थूलता. फरक आहे तो कमरेच्या घेरात, पुरुष ९० सेंमी, बाई ८०. वैद्यकाला फरक दिसला तिथे त्याने टेप लावली. २२ आकडा यातून निघत नाही, आणि पुरुषाला ३० पर्यंत मोकळीक तर मुळीच निघत नाही. मार्गिका दोघांनाही तेवढीच अरुंद!
निकालही पूर्ण वाचा. वर्ग वेगळे मानले ते भरती-बढतीच्या अटी वेगळ्या म्हणून. पहिल्या गरोदरपणात नोकरी संपवायची अट त्याच निकालाने मनमानी म्हणून रद्द केली.

मेघदूत
आकड्यांचं पटलं. तरी पगारावरच्या परिणामाला भेदभाव म्हणायला पुरावा लागतो. कमी पगारामुळेही वजन वाढतं, कारण आणि परिणाम उलटे असू शकतात.

रानजाई
ही शंका अर्थशास्त्रज्ञ जॉन कॉली यांनी २००४ च्या अमेरिकेतल्या अभ्यासात तपासली होती. आधीच्या वर्षांचं वजन घेतलं, भावंडांची तुलना केली, भावंडाच्या वजनाचा आधार घेऊन गणित पुन्हा मांडलं. या सगळ्यांतून टिकून राहिला तो गोऱ्या स्त्रियांच्या पगारातला तोटा: सुमारे ६५ पौंड जास्त वजनामागे ९ टक्के कमी पगार. पुरुषांत असा टिकाऊ तोटा सापडला नाही. भारताला हा आकडा जसाच्या तसा लावू नये, पण दिशा ओळखीची आहे.

कलमदान
कायद्याचं थोडं. आपल्याकडे खासगी नोकरीत वजनावरून भेदभावाला थेट बंदी नाही. अमेरिकेत मिशिगनने १९७६ च्या कायद्यातच वजन घातलं. एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये टाटांकडे गेली, त्यामुळे राज्यघटनेचं कलम १६ (सरकारी नोकरीत समान संधी) घेऊन कंपनीवर जाणं अवघड. पण डीजीसीए सरकारी आहे. नियमालाच कलम १४ (समानता) आणि १५ (लिंगावरून भेदभावाला बंदी) खाली उच्च न्यायालयात आव्हान देता येतं. त्यासाठी ग्राउंड केल्याचा आदेश लेखी घ्या, नियमाचा क्रमांक त्यात लिहून मागा, त्या दिवसाची उंची आणि वजन डॉक्टरांच्या सहीने नोंदवून घ्या. उंचीत २ सेंमीची चूक झाली तरी बीएमआय अर्ध्याहून जास्त अंकाने सरकतो.

मेघदूत
आव्हान द्याच. पण मागणी मर्यादा उठवायची नको, दोघांना एकच कसोटी हवी: दरवाजा उघडणं, सीपीआर (हृदय थांबलं तर छाती दाबून जीव वाचवणं), लाइफ जॅकेट घालून मार्गिकेतून जाणं. त्यात नापास झाला तर पुरुषही उतरेल.

पारिजातक
त्याला माझी हरकत नाही. हरकत वजनकाट्याला आहे.