मदत हवी आहे: हेम्पच्या पेयाला नागपुरात गिऱ्हाईक किती, हे कसं काढायचं?

नमस्कार मंडळी. एमबीएच्या प्रोजेक्टसाठी हेम्पच्या, म्हणजे भांगेच्याच जातीच्या झाडाच्या, बियांपासून बनणाऱ्या थंड पेयाची नागपुरातली संभाव्य मागणी काढतेय. पेय नशेचं नाही, हे आधीच सांगते. कॅनडात 2019 पासून टीएचसी (भांगेतला नशा आणणारा घटक) असलेली पेयं कायद्याने मिळतात, एका पॅकमध्ये जास्तीत जास्त 10 मिलिग्रॅम. आपल्याकडे मात्र एफएसएसएआयने (देशाची अन्न नियामक संस्था) 2021 मध्ये मान्यता दिली ती बिया, त्यांचं तेल आणि पीठ यांना.

खरी अडचण प्रश्नावलीत आहे. फुटाळ्यावर पोरं लगेच "घेऊ ना!" म्हणतात. मग विचारतात, "चढते का?" नाही म्हटलं की उत्साह मावळतो. सक्करदऱ्यातल्या काकू तर नाव वाचूनच फॉर्म परत करतात. मग "घेऊ" म्हणणाऱ्यांतले खरे खरेदीदार किती धरायचे? हा आकडा फुगला तर पुढचं सगळं गणित कोसळतं.

किंमत सगळ्यांना एकच सांगावी की गटागटाने वेगळी? थंडाई किंवा कोल्ड कॉफीच्या शेजारी ठेवून निवडायला लावलं तर उत्तरं जास्त खरी येतील का? मला तसं वाटतं, पण बाजार संशोधनात काम केलेल्या कुणीतरी खात्रीने सांगा. पुढच्या आठवड्यात सर्व्हे नव्याने सुरू करायचाय.