तथ्यहीन दावे लावत सुटणाऱ्यांना १९७१च्या कायद्याने रोखावं का?

दिवाणी_बाजू: रोखावंच. त्रासदायक दाव्यांना आळा घालणारा १९७१चा कायदा महाराष्ट्रात आहे. महाधिवक्त्यांनी (राज्याच्या सर्वोच्च सरकारी वकिलांनी) अर्ज केला आणि अमुक माणूस सवयीने, सबळ कारणाशिवाय दावे-फिर्यादी लावतो असं उच्च न्यायालयाला पटलं, तर त्याला परवानगीशिवाय नवीन काही दाखल करता येत नाही. तरी वकील सात-अकराचाच, म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ७ रूल ११खाली वादपत्र (वादीचा दाव्याचा अर्ज) सुरुवातीलाच फेटाळण्याचा अर्ज देत बसतात. तसं ते फेटाळलं, तरी रूल १३ प्रमाणे त्याच कारणावर नवं वादपत्र देता येतं. त्याच संहितेच्या कलम ३५-अ खाली खोट्या दाव्याबद्दल भरपाई मिळाली तरी कमाल ३००० रुपये! तोवर वादातली जमीन कुणी विकत घेत नाही, आणि वादीला हवं असतं ते तेवढंच.

पक्षकार_स्वतः: साफ विरोध. ३००० कमी पडतात तर ती मर्यादा वाढवा. दावे मोजून सवय ठरवणं धोक्याचं आहे. वाटपाचा दावा, मनाईचा दावा आणि फेरफारावरचं प्रांतांकडचं अपील ही तीन प्रकरणं दिसतात, पण भांडण एकच असतं आणि तिन्ही करावीच लागतात. शिवाय १९७१च्या कायद्याखालची परवानगीची अट त्या जमिनीपुरती राहत नाही. उद्या त्याच माणसाला थकलेल्या पगारासाठीही आधी परवानगी मागावी लागेल.

दिवाणी_बाजू: परवानगी म्हणजे बंदी नव्हे. सकृद्दर्शनी आधार दाखवला की ती मिळते. मद्रासचा असाच १९४९चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६५मध्ये वैध ठरवला. मोजणीचं म्हणाल तर महाधिवक्त्यांकडे तक्ता द्यावा: दावा क्रमांक, कोर्ट, पक्षकार, गट नंबर, मागणी, निकाल, सोबत निकालांच्या प्रमाणित प्रती. ऑर्डर २३ रूल १(३)खाली कोर्टाच्या मुभेने मागे घेऊन पुन्हा लावलेला दावा त्यात मोजू नये. नुसता हरलेलाही नको. आधार नव्हता असं न्यायाधीशांनी निकालात लिहिलेलं असेल तेच धरावेत.

पक्षकार_स्वतः: एवढं गाळून कोण देतं? आणि आदेश त्या व्यक्तीवर असतो, पुढचा दावा पुतण्याच्या नावाने येतो.

निशाणी_पाच: पुतण्या त्याच्याच हक्कातून मागत असेल तर संहितेच्या कलम ११चा प्राङ्न्याय (एकदा निकाली निघालेला वाद पुन्हा लावता येत नाही हा नियम) त्यालाही लागू होतो. फक्त तो मुद्दा सात-अकरात घेऊ नका. तिथे वादपत्रापलीकडे पाहता येत नाही, आणि प्राङ्न्यायाला जुन्या दाव्याची कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर), मुद्दे, निकाल तपासावे लागतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये हेच सांगितलं. कैफियतीत मुद्दा घ्या, जुने कागद त्याच वेळी जोडा. १९७१च्या कायद्याखालच्या आदेशाला मात्र मुदत असावी, इतपत मी पक्षकार_स्वतः यांच्या बाजूने आहे.