मदत हवी आहे : खाऱ्या पाण्याच्या टाकीला कॅनिस्टर घेऊ की स्किमर?

कपाशीतला_निमो
राजेहो, घाईत आहे. रीफ टाकी सुरू करतोय, समुद्री. दुकानदार म्हणते कॅनिस्टर (बंद डब्याचा फिल्टर) घ्या, व्हिडिओवाला म्हणते स्किमर (बुडबुड्यांच्या फेसाने घाण काढणारा) घ्या. दोन्हीचे पैसे नाहीत. उद्या दुपारपर्यंत ऑर्डर द्यायची आहे. एकच सांगा, लांबण नको. गाव दर्यापूर तालुक्यात.

चार_फुटी_काच
टाकी किती लिटरची? नुसते मासे की प्रवाळ पण? सम्प, म्हणजे खाली फिल्टरची दुसरी टाकी, आहे का?

कपाशीतला_निमो
मधल्या साइजची. सम्प नाही.

चार_फुटी_काच
मधली म्हणजे केवढी? मापं सांगा न भाऊ, आम्ही काय कुडमुडे जोशी आहोत का.

पानठेला
दर्यापुरात दर्या नाही म्हणून घरात आणता का जी 😄

अकोटवाले_काका
कॅनिस्टर घ्या, डोळे झाकून. माझा सहा वर्षांपासून चालू आहे. स्किमरचे फॅड पुण्या-मुंबईच्या लोकांचे.

मिठाचा_थर
काका, तुमची टाकी गोड्या पाण्याची आहे, मागच्या धाग्यात फोटो टाकला होता तुम्ही. गोड्या पाण्यात स्किमरला फेसच धरत नाही, तिथे तो कोण घेईल?

निमोभाऊ, माझं ऐका. मीही कॅनिस्टरनेच सुरुवात केली होती. मे महिन्यात नऊ तास लाइट गेली. बंद डब्यात पाणी थांबलं, आतल्या घाण पचवणाऱ्या जिवाणूंना हवा मिळाली नाही, मेले. लाइट आली तशी मोटर सुरू झाली आणि पहिली धार काळी. वास सडक्या अंड्याचा. सकाळी दोन्ही क्लाउन मासे तळाशी आडवे. स्किमरचं तसं नाही. लाइट गेली की नुसता थांबतो, आली की पुन्हा बुडबुडे सोडतो. माशांची घाण सडायच्या आधीच फेसाला चिकटून कपात चढते. माझ्या कपात आठवड्याला जे जमतं ते उकळून उकळून काळ्या झालेल्या चहासारखं दिसते. कॅनिस्टरमध्ये तीच घाण स्पंजात सडत राहते आणि नायट्रेट वाढते.

अकोटवाले_काका
दर आठवड्याला धुवायचा, मग कशाला सडते? आळशी माणसाने टाकी ठेवूच नये.

मिठाचा_थर
धुवा. पण नऊ तास लाइट गेल्यावर धुणं कामी येत नाही.

कपाशीतला_निमो
३ × दीड × दीड फूट. मासे सोमवारी नागपूरहून येतात. पाणी बोअरचं टाकू का? आमचं आधीच खारं आहे, मिठाचे पैसे वाचतील.

चार_फुटी_काच
अरे देवा.

बोअरचं_पाणी
आपल्या खारपाणपट्ट्याचं (जमिनीखाली खारं पाणी असलेल्या भागाचं) पाणी खारं असते, समुद्राचं नसते भाऊ. समुद्रात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार, त्यात कॅल्शियम सव्वाचारशे आणि मॅग्नेशियम तेराशे मिलिग्रॅमच्या आसपास. बोअरमध्ये काय किती आहे कोणाला ठाऊक? आमच्या बोअरचा टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटरवर लिटरला २१०० मिलिग्रॅम दाखवते, म्हणजे समुद्राच्या मानाने काहीच नाही, आणि प्यायला मात्र नको तेवढा. जारवाल्याचं आरओ पाणी आणा, तेही मोजून. शेवटी डीआयचा (उरलेले क्षार काढणारा) फिल्टर लावून मीटर शून्यावर आला पाहिजे. मग रीफचं मीठ. घरचं आयोडीनवालं चालत नाही.

पानठेला
मग लोणार सरोवराचं आणा, तेही खारं.

बोअरचं_पाणी
त्याचा पीएच १० च्या आसपास. समुद्राचा ८.१ ते ८.३. शिवाय ते अभयारण्य आहे, बाटली भरायलाही जाऊ नका.

पानठेला
२०२० च्या जूनमध्ये गुलाबी झालं होतं तेव्हा आम्ही गाडी करून गेलो होतो. काय गर्दी!

शेततळं_मोर्शी
हे सर्व करण्यापेक्षा शेततळ्यात रोहू-कटला सोडा. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत अनुदान आहे. हरियाणात तर खारट जमिनीच्या पाण्यात पोटॅशियम घालून झिंगे काढतात. तुमच्याकडे पाणी फुकट आणि तुम्ही काच घेऊन बसलात.

कपाशीतला_निमो
दादा, मी अनुदान विचारलं नाही. कॅनिस्टर की स्किमर?

मिठाचा_थर
स्किमर. सम्प नाही तर काचेला मागून टांगायचा, तुमच्या मापात टाकी १९० लिटरची भरते, म्हणजे दगड वगळून १७०, मीठ सहा-साडेसहा किलो. खरा फिल्टर दगडच असतात. कोरडे सच्छिद्र दगड घ्या, प्रवाहासाठी एक वेव्हमेकर लावा. बॅटरीवर चालणारा एअरपंप आधी घ्या, मग बाकीचं. कोणी जिवंत दगडी प्रवाळ देतो म्हटला तर घेऊ नका, ते वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या परिशिष्ट १ मध्ये आहेत.

आणि सोमवारचे मासे थांबवा. दगडांवर जिवाणू बसायला चार-सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य झाल्याशिवाय एकही मासा नाही.

चार_फुटी_काच
उन्हाळ्याचं काय? प्रवाळाला २४ ते २७ डिग्री लागते. आपल्याकडे ४५ चा पारा.

मिठाचा_थर
कोरड्या हवेत टाकीवर पंखा लावला तर दोन-तीन डिग्री उतरतात, पण पाणी तेवढंच उडते. उडालेल्याच्या जागी साधं आरओच घालायचं, खारं नाही, मीठ मागेच राहते. पावसाळा लागला की पंखा निकामी. चिलर किंवा एसीची खोली नसेल तर सध्या मासेच ठेवा.

अकोटवाले_काका
कॅनिस्टरला चिलर जोडता येतो, बरं का.

कपाशीतला_निमो
दुकानदाराला फोन केला. म्हणते मासे पॅक झाले, परत होत नाहीत. लाइट आमच्याकडे रोजच जाते, सांगायचं राहिलं. स्किमर घेतो. मासे कुठे ठेवू?

चार_फुटी_काच
दुकानातच. ताबा घेऊ नका, भाडं मागितलं तर द्या. एक राहिलं, टाकी कशावर ठेवली आहे? पाणी, काच, दगड धरून सव्वादोन क्विंटल होतील.

कपाशीतला_निमो
आईच्या शिलाई मशीनच्या टेबलावर. मशीन काढून घेतली आहे.