इंत्रूज ते राखेचा बुधवार: तुमचे अनुभव लिहा

मंडळी, कार्निव्हल म्हटलं की आपल्याला गोव्यातल्या पणजीचे फ्लोट्स, म्हणजे सजवलेले रथ, आणि मिरवणुकीचा नायक मोमो राजा एवढंच आठवतं. पण हा सण मुळात उपवासाच्या तोंडावरचा. ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवास राखेच्या बुधवारी सुरू होतो, पूर्वी त्यात मांस, अंडी, दूध, लोणी सगळंच बंद, म्हणून घरात असेल ते आधी संपवायचं आणि संपवता संपवता खाऊन-नाचून घ्यायचं. नुसती शनिवारची पणजीची मिरवणूक बघून परत आलात तर अर्धाच कार्निव्हल बघितला असं मला अगदी मनापासून वाटतं. तुमच्या घरातलं, गल्लीतलं जे पाहिलंय ते लिहा, बुधवारचं तर नक्कीच लिहा.

सासष्टीकर
आमच्याकडे दक्षिण गोव्यात कार्निव्हलला इंत्रूजच म्हणतात. पणजीची मिरवणूक पोर्तुगीज गेल्यानंतरची, १९६५ च्या आसपासची, गावातला इंत्रूज त्याच्या खूप आधीचा. लहानपणी अंगणात खेळ यायचे, म्हणजे नाटकवालेच, सोबत वाजवणारे, गावातल्या भानगडींवर गाणी, बायकांची कामं पुरुषच करायचे, एका अंगणातलं संपलं की पुढच्या अंगणात आणि आम्ही पोरं मागोमाग. वाटेत कोण पिठाची पुडी फोडेल, कोण पाणी ओतेल नेम नाही. आम्ही डुक्कर खात नाही म्हणून शेजारची आंटी सोरपोतेलाच्या, म्हणजे डुकराच्या मटणाच्या, ऐवजी आमच्याकडे आठवणीने दोदोल, नारळ-गुळाचा गोड पदार्थ, पाठवायची. आता हेच खेळ तियात्र, म्हणजे गाण्यांची कोकणी नाटकं, म्हणून स्टेजवर होतात, तिकीट काढून आम्ही जातोच, कलाकार जबरदस्त आहेत, पण अंगणं सुटली याचं वाईट वाटतं. आणि जमलं तर सोमवारी चांदरला जा, तिथे पुरुष मुसळं घेऊन नाचतात, मुसळ खेळ म्हणतात त्याला. चांदर म्हणजे कदंबांची जुनी राजधानी चंद्रपूर, एवढ्या जुन्या गावात हा खेळ टिकलाय हे मला मोमोच्या मिरवणुकीपेक्षा मोठं वाटतं.

वसईची लेक
आमच्या घरी मिरवणूक-बिरवणूक काही नाही, आमची गडबड लग्नांची! उपवासकाळात लग्नं टाळतात त्यामुळे त्याआधीच सगळी उरकायची, एकेका दिवशी दोन-दोन घरी जेवण. मग बुधवारी सकाळी एकदम सगळं शांत. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारच्या, झावळ्या घरोघरून चर्चमध्ये जमा करतात, त्या जाळून राख करतात आणि फादर ती कपाळाला लावतात, तू माती आहेस आणि मातीत मिळशील म्हणून. त्या दिवशी पोटभर असं एकदाच जेवायचं आणि मांस नाही. नियमाने मांस बंद फक्त या बुधवारी आणि उपवासातल्या शुक्रवारी, पण आजी पूर्ण चाळीस दिवस मटणाला हात लावायची नाही, त्यातून वाचलेले पैसे वेगळे ठेवून ईस्टरच्या आधी गरजूंना द्यायची. मी अजून तसंच करते.

लीड्सहून
इथे इंग्लंडमध्ये राखेच्या बुधवारच्या आदल्या मंगळवारी पॅनकेक. अंडी, दूध, लोणी संपवायचा तोच हिशोब, वरून लिंबू आणि साखर. उपवास करणारे ऑफिसात फार कमी, पॅनकेक मात्र सगळेच खातात.

कोलोनवासी
आमच्याकडे जर्मनीत ११ नोव्हेंबरला ११ वाजून ११ मिनिटांनी कार्निव्हलचा सीझन उघडतो पण खरी धमाल उपवासाच्या आधीच्या गुरुवारपासून, त्या दिवशी राज्य बायकांचं, दिसेल त्या पुरुषाचा टाय कात्रीने कापतात, आमच्या ऑफिसात सगळे जुनेच टाय घालून येतात. सोमवारची मोठी मिरवणूक १८२३ पासूनची. रथांवरून चॉकलेटं उधळतात, पोरं ‘कामेले’ ओरडत छत्र्या उलट्या धरतात, माझ्या मुलीला आता ही ट्रिक पक्की जमते. पण मला सगळ्यात भिडते ती मंगळवारची रात्र. पबच्या दारावर टांगलेला नुबेल नावाचा गवताचा बाहुला खाली उतरवतात, त्याच्यावर खटला चालतो, पैसे कोणी उडवले, नुबेलने! दारू कोणी ढोसली, नुबेलने! आणि मग रस्त्यात त्याला जाळतात. आपल्या होळीत बोंबा मारतात ना, अगदी तसाच सूर लागतो. दुसऱ्या दिवशी बऱ्याच ठिकाणी मासे खायला जमतात.

नवा सभासद
गोव्याला जायचंय, पण तारीख दरवर्षी का बदलते?

धागाकर्ता
ईस्टरमुळे. २१ मार्च किंवा त्यानंतरची जी पहिली पौर्णिमा, तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर, त्याच्या ४६ दिवस आधी राखेचा बुधवार. मधले रविवार उपवासात धरत नाहीत म्हणून ४० चे ४६ होतात. २०२७ ला ईस्टर २८ मार्चला, म्हणजे बुधवार १० फेब्रुवारीचा आणि इंत्रूज ६ ते ९. रजा ११ पर्यंत टाका, बुधवारी सकाळी एखाद्या गावच्या चर्चपाशी जाऊन या आणि इथे लिहा. सासष्टीकर, खेळातल्या गाण्यांच्या ओळी आठवत असतील तर त्याही टाका ना.